शिपाई चालतो, सुभेदार का खुपतो?

दर १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभापुढे लाखोंचा जनसमुदाय नतमस्तक होतो. महार रेजिमेंटचे निवृत्त सैनिक गणवेशात येऊन मानवंदना देतात आणि आमच्या तरुणांची छाती अभिमानाने फुलते. ती फुललीच पाहिजे. पण त्याच गर्दीतल्या बारावी झालेल्या एखाद्या पोराला विचारा, सैन्यात जायचे आहे का? तो म्हणेल, 'हो, भरतीची तयारी चालू आहे.' भरती म्हणजे शिपायाची भरती. पहाटे डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटर धावायचे, छाती मोजायची, लेखी परीक्षेची गाईड पाठ करायची. 'अधिकारी म्हणून का नाही?' असा पुढचा प्रश्न केला की पोरगा हसतो. 'ते आपल्यासाठी नसते,' असे त्या हसण्याचे भाषांतर आहे.

वस्त्यांमध्ये अभ्यासिका आणि मार्गदर्शन वर्ग चालवताना हे हसणे आम्ही कितीतरी वेळा पाहिले आहे. त्यात आळस नाही आणि भित्रेपणा तर मुळीच नाही. त्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो आमच्याच लोकांना नीट सांगितला गेलेला नाही. आम्ही शौर्याचा इतिहास सांगतो, हुद्द्याचा सांगत नाही. लढले कोण, हे आम्हाला पाठ आहे. हुकूम कोणी द्यायचा आणि बढती कोणाला मिळायची, या प्रश्नावर आमच्या पूर्वजांनी जी लढाई केली ती मात्र आम्ही विसरलो.

आमचे म्हणणे सरळ आहे. या देशातल्या जातिव्यवस्थेला अस्पृश्य सैनिकाचे वावडे फारसे नव्हते. मरायला तो चालत होता. तिला खुपला तो सवर्णाला हुकूम देणारा अस्पृश्य. म्हणून सैन्यातला आमचा खरा लढा भरतीच्या दारापाशी संपत नाही. तो बढतीच्या शिडीवर लढला गेला आणि आजही तिथेच लढावा लागणार आहे.

मुंबईची पलटण, बंगालची पलटण

कंपनी सरकारच्या काळात मुंबई, मद्रास आणि बंगाल अशी तीन वेगवेगळी लष्करे होती. हिंदी माणसाला शिपाई म्हणून भरती होऊन नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार आणि शेवटी पलटणीतला एकच सुभेदार-मेजर, इथपर्यंत चढता येत असे. त्याच्या वर गोऱ्यांची वेगळी शिडी सुरू होई. तीस वर्षे नोकरी केलेला सुभेदारही कालच विलायतेहून आलेल्या कोवळ्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या खालीच असे. म्हणजे हिंदी माणसासाठी शिडी अर्धीच होती.

पण या अर्ध्या शिडीवरही जात कशी बसली होती ते पाहा. बंगालच्या लष्करात ब्राह्मण आणि राजपूत शिपायांचा भरणा होता आणि बढती जवळपास निव्वळ ज्येष्ठतेने मिळे. जो जास्त वर्षे टिकला तो वर गेला. तिथे खालच्या जातीचा एखादा अंमलदार झालाच, तर छावणीबाहेर तो आपल्याच हाताखालच्या ब्राह्मण शिपायापुढे वाकतो, असे त्या काळच्या इंग्रज लेखकांनी नोंदवून ठेवले आहे. खांद्यावर हुद्दा एक, डोक्यावर जात दुसरी. मुंबईच्या लष्करात मात्र महार, मराठा, मुसलमान, परदेशी असे सगळे एकाच पलटणीत एका रांगेत उभे राहत, आणि बढती देताना ज्येष्ठतेबरोबर लायकी पाहिली जाई. बंगालवाल्यांना हे पटत नसे. मुंबईवाले अधिकारी उलट त्याचा अभिमान बाळगत.

याचा परिणाम काय झाला? गावात ज्याची सावली चालत नव्हती, तो पलटणीत हवालदार, जमादार, सुभेदार झाला. त्याच्यापुढे टाच जुळवून उभे राहणे नियमाने भाग पडले. मनुस्मृतीने जो अधिकार हजारो वर्षे नाकारला, तो लष्करी कायद्याच्या एका कलमाने दिला. इंग्रजांनी हे समतेच्या प्रेमापोटी केले नाही, त्यांना पलटणी चालवायच्या होत्या. पण ज्याला हुकूम देण्याची सवय लागते, त्याची मान परत सहज वाकत नाही.

सुभेदारांची पिढी

बाबासाहेबांचे आजोबा मालोजी सकपाळ सैन्यात होते. वडील रामजी सुभेदार झाले, लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक राहिले. आई भीमाबाई यांचे माहेर, मुरबाडकरांचे घर, तेही सुभेदारांचे घर. म्हणून महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेले बाळ हे लष्करी हुद्द्याने घडवलेल्या दोन घराण्यांचे बाळ होते.

हुद्द्याने घडवलेले म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. त्या काळी लष्करात सैनिकांना आणि त्यांच्या मुलांना शिकवण्याची सोय होती. गावच्या शाळेत आमच्या पोरांना ओसरीवर बसवले जात असताना छावणीच्या शाळेत महार मास्तर शिकवत होता. बढती हवी तर वाचता-लिहिता यावे लागे, म्हणून घरात पुस्तक आले. पेन्शन होते, म्हणून म्हातारपणी गावकीच्या दारात भाकरी मागायला जावे लागले नाही आणि मुलाला इंग्रजी शाळेत घालता आले. बढती, शाळा आणि पेन्शन या तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. बाबासाहेबांची प्रतिभा त्यांची स्वतःची, कष्ट त्यांचे स्वतःचे. पण त्या प्रतिभेला पहिले पुस्तक मिळाले ते सुभेदाराच्या घरात.

आमच्या चळवळीच्या पहिल्या पिढीकडे बघा. गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त लष्करी माणूस. दापोलीला स्थायिक झाल्यावर त्यांनी १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहून धर्ममार्तंडांना जाहीर प्रश्न विचारले. पुढे महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्या शेजारी बसायला सवर्ण सभासद तयार नव्हते. प्रश्न विचारायची ती हिंमत लष्करात आयुष्य काढलेल्या माणसाची होती.

१८९२ : दार बंद

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी लष्कराची फेरमांडणी सुरू केली. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात 'लढाऊ जाती' नावाचा सिद्धांत सरकारी धोरण बनला. पंजाबी, पठाण, गुरखे, राजपूत हे जन्मतः लढवय्ये आणि बाकीचे नालायक, असा हा सिद्धांत. जन्मावरून लायकी ठरवायची, ही गोष्ट इंग्रजांना नव्याने सुचली असेल, आम्हाला ती फार जुनी ओळखीची होती. जातवार कंपन्या आणि जातवार पलटणी करायचे ठरले आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. कोरेगावच्या स्तंभावर ज्या समाजाच्या बावीस जणांची नावे कोरली होती, तोच समाज पाऊणशे वर्षांनी 'लढाऊ नाही' ठरला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. जातवार पलटणी हव्यात, या आग्रहामागे एक तक्रार सतत होती : वरच्या जातीचे शिपाई खालच्या जातीच्या सुभेदाराचा हुकूम मानायला नाराज असतात. या नाराजीवर दोन उपाय होते. नाराज शिपायाला शिस्त लावायची, किंवा सुभेदारच काढून टाकायचा. सरकारने दुसरा निवडला. गुन्हा ज्याने केला तो पलटणीत राहिला, ज्याच्याविरुद्ध केला तो घरी गेला.

भरती बंद झाली म्हणजे फक्त शिपायाची नोकरी गेली असे नाही. छावणीची शाळा गेली, पेन्शन गेले, पुढचे सुभेदार गेले. एक अख्खी पिढी शिडीवरून खाली आली.

अर्जांची भाषा

आमच्या लोकांनी हे मुकाट्याने सोसले नाही. १८९४ मध्ये गोपाळबाबांनी सरसेनापतींसाठी अर्ज तयार केला. खुद्द रामजी सुभेदारांनी या बंदीविरुद्धचा अर्ज लिहिण्यासाठी न्यायमूर्ती रानडे यांची मदत घेतल्याचे बाबासाहेबांच्या चरित्रात नोंदलेले आहे. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला.

या १९१० च्या अर्जातली मागणी आजच्या तरुणांनी समजून घ्यावी. आम्हाला मोठ्या जागा नकोत, तेवढे आमचे शिक्षण नाही; सरकारी नोकरीतल्या सर्वांत खालच्या जागा, पोलीस शिपाई आणि लष्करी शिपाई एवढे तरी द्या, असा त्याचा आशय होता. शिवराम जानबांची हिंमत कमी नव्हती. 'सोमवंशीय मित्र' काढणारा, कोरेगावच्या स्तंभापाशी सभा घेणारा तो माणूस. पण दार पूर्ण बंद असताना पाय आत ठेवण्यापुरती फट मागावी लागते. ती त्या काळाची गरज होती.

मग १९१७ साल उजाडले. या एका सालात तीन गोष्टी घडल्या. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा 'नालायक' ठरवलेल्या महारांची '१११ महार' ही पलटण उभी करण्यात आली. त्याच वर्षी हिंदी माणसांना राजाचे कमिशन, म्हणजे गोऱ्यांच्या बरोबरीचा अधिकारी हुद्दा, देण्याचे जाहीर झाले. आणि त्याच वर्षी कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेले भीमराव आंबेडकर बडोदा संस्थानात लष्करी सचिव म्हणून रुजू झाले.

तिन्हींचे पुढे काय झाले? युद्ध संपले, गरज संपली आणि १९२१ मध्ये ती पलटण मोडण्यात आली. राजाच्या कमिशनसाठी सँडहर्स्टला वर्षाला दहा जागा ठेवल्या गेल्या. त्या संस्थानिक, जमीनदार आणि 'लढाऊ' घराण्यांच्या मुलांकडे वळल्या. आणि बडोद्याच्या लष्करी सचिवाच्या टेबलावर शिपाई लांबून फायली फेकत होते, शहरात त्यांना राहायला घर मिळत नव्हते, पारशी वसतिगृहातून त्यांना लाठ्याकाठ्यांच्या धाकाने बाहेर काढले गेले. हुद्दा कागदावर सर्वोच्च होता. पण हुद्द्यामागे उभी राहणारी शिस्त नसेल, तर कागदावरच्या हुद्द्याला फाईल फेकणारा शिपाईही जुमानत नाही. बढतीबद्दल बोलताना हा धडा विसरून चालणार नाही.

एक दार बंद झाले की पुढची किती बंद होतात

गोऱ्यांना हिंदी अधिकाऱ्यांच्या हाताखाली काम करणे नको होते. म्हणून १९२३ मध्ये आठ पलटणी वेगळ्या काढून हिंदी अधिकाऱ्यांना त्यांतच कोंडण्याची योजना आली. पुढारी मंडळींनी हा वर्णभेद आहे म्हणून ओरड केली, ती योग्यच होती. पण 'आमच्या हुकमाखाली यायला गोरे का तयार नाहीत?' असे विचारणाऱ्यांपैकी किती जणांनी, महार सुभेदाराच्या हुकमाखाली यायला आपले भाऊबंद का तयार नव्हते, हे स्वतःला विचारले?

पहिल्या गोलमेज परिषदेत जानेवारी १९३१ मध्ये संरक्षण उपसमितीत बाबासाहेबांनी मुद्दा मांडला, की कार्यक्षमता आणि आवश्यक पात्रता सांभाळून लष्कराची भरती अस्पृश्यांसह सर्व भारतीयांना खुली करावी. १९१० च्या अर्जात आणि या मागणीत एकवीस वर्षांचे अंतर आहे. सर्वांत खालची जागा द्या ही विनवणी तिथे राहिली नाही. पात्रता सिद्ध करतो, जन्म विचारू नका, ही हक्काची भाषा आली.

१९३२ मध्ये डेहराडूनला इंडियन मिलिटरी अकॅडमी सुरू झाली. पहिल्या तुकडीच्या चाळीस जागांपैकी पंधरा खुल्या स्पर्धेतून, पंधरा सैन्यात नोकरी करणाऱ्यांमधून आणि दहा संस्थानी फौजांमधून अशी वाटणी होती. आता हिशेब मांडा. सैन्यातून वर येणाऱ्यांसाठी पंधरा जागा होत्या, पण ज्यांची भरतीच बंद त्यांनी सैन्यातून वर यायचे कसे? त्याआधी जालंधर आणि झेलमला सैनिकांच्या मुलांसाठी लष्करी शाळा निघाल्या होत्या. ज्या समाजात सैनिकच उरले नाहीत त्यांची मुले तिथे जाणार कशी? १८९२ चा एक हुकूम चाळीस वर्षांनी अधिकाऱ्यांच्या अकॅडमीचेही दार बंद करत होता. 'तुमच्यात अधिकारी का झाले नाहीत?' असे गुणवत्तेच्या तोऱ्यात विचारणाऱ्यांना हा हिशेब तोंडावर सांगता आला पाहिजे.

बाबासाहेब थांबले नाहीत. १९४० च्या 'थॉट्स ऑन पाकिस्तान' या ग्रंथात त्यांनी लष्कराची प्रांतवार आणि जमातवार घडण तपासली आणि 'लढाऊ जाती'च्या दाव्याचा पाया उखडला. १९४१ मध्ये ते संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. १९४३ मध्ये चामार रेजिमेंटही उभी राहिली, पण १९४६ मध्ये ती मोडली गेली. महार रेजिमेंट टिकली. तिने पुढे देशाला जनरल कृष्णा राव आणि जनरल सुंदरजी असे दोन लष्करप्रमुख दिले. तिच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेतील कामगिरीसाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. आज तिच्यात देशभरातल्या सर्व समाजांचे जवान आहेत, आणि हे चांगलेच आहे. पण रेजिमेंटच्या नावात आमचे नाव आहे म्हणून अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये आमची खुर्ची आपोआप तयार होत नाही. नाव हा वारसा आहे. हुद्दा कमवावा लागतो.

आजची बढती कशी मिळते?

आता वर्तमानाकडे येऊ. 'अधिकारी' म्हणजे काय, तो वर कसा चढतो, हे आमच्या पोरांना सांगणारा घरात कोणी नसतो. फौजी घराण्यातल्या मुलाला हे जेवणाच्या ताटावर कळते. म्हणून इथे थोडक्यात लिहितो.

अकॅडमीतून बाहेर पडला की लेफ्टनंट. त्यानंतर दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर आणि तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. ही बढती सेवेच्या वर्षांवर मिळते, मात्र ठरलेल्या विभागीय परीक्षा आणि अटी पूर्ण कराव्या लागतात. खरी चाळणी कर्नलपासून लागते. तिथून पुढे निवड मंडळ बसते. लेफ्टनंट कर्नल पुष्कळ, कर्नलच्या जागा थोड्या, ब्रिगेडियरच्या त्याहून थोड्या. हा पिरॅमिड आहे, त्यात बहुतेक जण मध्येच थांबतात.

निवड मंडळ काय पाहते? मुख्यतः वार्षिक गोपनीय अहवाल. हा अहवाल थेट वरचा अधिकारी लिहितो आणि त्याच्यावरचे दोघे त्यावर मत देतात. त्याबरोबर तुकडीचे नेतृत्व केल्याचा काळ, वेगवेगळ्या कोर्समधली श्रेणी, शौर्यपदके, वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजचा कोर्स, हे सगळे जमेस धरले जाते. मंडळापुढे कागद ठेवताना उमेदवाराचे नाव झाकलेले असते.

नाव झाकले म्हणजे जात झाकली, असे कोणी म्हणेल. अर्धे खरे आहे. मंडळाला नाव दिसत नाही, पण दरवर्षी अहवाल लिहिणाऱ्याला नाव, आडनाव, घरी लावलेला फोटो, १४ एप्रिलची रजा हे सगळे दिसते. दहा-बारा वर्षांत कुठेतरी एक 'चांगला' आणि एक 'उत्कृष्ट' यांच्यात जो फरक पडतो, त्यावर मंडळाचा निकाल फिरू शकतो. प्रत्येक वरिष्ठ जातीयवादी असतो असे आम्ही म्हणत नाही. न्यायाने अहवाल लिहिणारे अनेक आहेत, म्हणून तर आमची माणसे तिथपर्यंत पोहोचतात. पण न्याय वरिष्ठाच्या स्वभावावर अवलंबून असेल, तर त्याला व्यवस्था म्हणत नाहीत.

शिवाय हा अहवाल पूर्ण हाती येत नाही. २००८ मध्ये देवदत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सरकारी नोकराला त्याच्या अहवालातली प्रत्येक नोंद कळवली पाहिजे. पण त्याच निकालात स्पष्ट केले, की हे लष्करी अधिकाऱ्यांना लागू नाही.

'सैन्यात भेदभाव नसतो, फक्त गुणवत्ता' असे म्हणणाऱ्यांनी २०२१ चा लेफ्टनंट कर्नल नितिशा यांचा निकाल वाचावा. महिला अधिकाऱ्यांना कायम कमिशन देताना लावलेले निकष वरून सगळ्यांना सारखे होते. पण या महिलांना पुढे कायम कमिशन मिळणारच नाही असे गृहीत धरून त्यांचे अहवाल वर्षानुवर्षे बेफिकिरीने लिहिले गेले होते आणि नंतर त्याच अहवालांवर त्यांना मोजले गेले. सर्वोच्च न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटले. नियम सारखा असूनही परिणाम अन्यायाचा होऊ शकतो, हे आमचे जुने म्हणणे आता न्यायालयाच्या तोंडून आले आहे. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तर हा निकाल जातीच्या संदर्भात पुन्हा पुन्हा वाचण्यासारखा आहे.

चार वर्षांची नोकरी आणि सुभेदाराचे घर

२०२२ पासून शिपायाची भरती अग्निपथ योजनेतून होते. चार वर्षे नोकरी, त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम, बाकीचे सेवानिधीची रक्कम घेऊन घरी. पेन्शन नाही. ही योजना देशाच्या सुरक्षेसाठी बरी की वाईट, यावर तज्ज्ञ बोलतील. आम्ही आमच्या समाजाचा हिशेब मांडतो.

सुभेदाराचे घर कशावर उभे राहिले होते? दीर्घ नोकरी, चढती शिडी, मुलांची शाळा, पेन्शन. चार वर्षांत यातले काय हाती लागते? नायब सुभेदार व्हायला दीड-दोन दशके जातात. चार वर्षांनी परतणाऱ्या चौघांपैकी तिघांसाठी ती शिडी पहिल्याच पायरीवर संपते. म्हणजे १८९२ मध्ये दार बंद झाले होते. आज दार उघडे आहे, पण आतली शिडी आखूड झाली आहे. अशा वेळी 'भरती, भरती' एवढाच जप करत राहणे म्हणजे १९१० चा अर्ज पुन्हा पुन्हा टपालात टाकणे होय. शिवराम जानबांनी तो नाइलाजाने लिहिला. आमच्यापुढे तो नाइलाज आहे का?

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, अधिकारी होण्याच्या वाटा पाठ करा. बारावीनंतर एनडीए, वय साडेसोळा ते साडेएकोणीस. पदवीनंतर सीडीएस. एनसीसीचे 'सी' प्रमाणपत्र असेल तर स्वतंत्र प्रवेश. आधीच सैन्यात असलेल्या जवानाला आर्मी कॅडेट कॉलेजमधून अधिकारी होता येते. २०२२ पासून एनडीएत मुलींनाही प्रवेश आहे. आमच्या मुलींना हे ओरडून सांगा.

दुसरी गोष्ट, लवकर सुरुवात करा. साताऱ्याचे सैनिक स्कूल १९६१ पासून आहे. सैनिक स्कूलमध्ये अनुसूचित जातींसाठी १५ टक्के आणि जमातींसाठी साडेसात टक्के जागा राखीव असतात. पाचवीतल्या मुलाचे पालक या परीक्षेबद्दल विचारायला येतात का? आमच्या वर्गांचा अनुभव असा, की विचारणारे आले तरी वय उलटून गेल्यावर येतात. दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, ती राज्य सरकारने १९७७ मध्ये खास एनडीएच्या तयारीसाठी काढली. मुलींसाठी नाशिकला आहे. सैनिक स्कूलमधले आरक्षण हीच शेवटची राखीव पायरी. पुढे सैन्यात आरक्षण नाही, म्हणून पाया इथेच घालावा लागतो.

तिसरी गोष्ट, मुलाखतीला घाबरू नका, तिची तयारी करा. एनडीएच्या लेखी परीक्षेला ९०० गुण आणि एसएसबीलाही ९००. म्हणजे निम्मे गुण त्या पाच दिवसांत. तिथे चित्र पाहून गोष्ट लिहावी लागते, गटात चर्चा करावी लागते, मैदानावर तुकडीला वाट दाखवावी लागते. पुढे होऊन बोलणे, चार जणांना सोबत घेणे, जबाबदारी उचलणे हे तिथे पाहिले जाते. जयंतीची मिरवणूक लावणारा, वर्गणीचा हिशेब ठेवणारा, पोलिसांशी बोलून रस्ता मोकळा करून घेणारा आमचा पोरगा यात कमी पडतो कुठे? तो कमी पडतो ते हे सगळे नेतृत्व आहे हे त्याला कोणी सांगितले नाही म्हणून. समाजाच्या संस्थांनी एमपीएससी-यूपीएससीइतकेच महत्त्व एसएसबीला द्यावे.

चौथी गोष्ट अधिकारी झालेल्या बांधवांसाठी. कर्नलची चाळणी तेराव्या वर्षानंतर लागते, पण तिचे कागद पहिल्या वर्षापासून जमतात. परीक्षा वेळेत द्या, कोर्समध्ये श्रेणी मिळवा, तुकडीच्या नेतृत्वाची जागा टाळू नका, स्टाफ कॉलेजची परीक्षा सोडू नका. अहवालाचा जो भाग दाखवला जातो तो सही करण्याआधी वाचा. अन्याय वाटला तर आर्मी ॲक्टच्या कलम २७ खाली रीतसर तक्रार करता येते, त्यापुढे सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. तक्रार मुदतीत आणि कागदांनिशी करा. रामजी सुभेदारांनीही अन्यायाविरुद्ध अर्जच लिहिला होता, आणि तो नीट लिहिला जावा म्हणून जाणत्या माणसाची मदत घेतली होती.

पाचवी गोष्ट चळवळीसाठी. अधिकारी वर्गातल्या प्रतिनिधित्वाची जातवार आकडेवारी जाहीर करा, ही मागणी लावून धरा. जे मोजले जात नाही ते सुधारले जात नाही. आणि निवृत्त सुभेदार, कॅप्टन, कर्नल असलेल्या आमच्या माणसांना जयंतीच्या स्टेजवर शाल देऊन घरी पाठवू नका. त्यांना महिन्यातून एक रविवार अभ्यासिकेत बसवा.

काही जण विचारतील, आम्ही बौद्ध, मग शस्त्र कशाला? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये हत्येची इच्छा आणि हत्येची गरज यांत फरक केला आहे. अहिंसा म्हणजे दुबळेपणा नव्हे. उलट शस्त्र ज्याच्या हुकमाने चालते त्याच्या मनात मैत्री आणि विवेक असावा, यासाठी तर धम्म मानणारी माणसे त्या जागी हवीत.

आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. आज सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्यांना तुकडीचे नेतृत्व शिकवणारे आर्मी वॉर कॉलेज महूला आहे. ज्या छावणीत सुभेदार रामजी शाळा चालवत होते आणि जिथे भीमराव जन्मले, त्याच छावणीत देशाचे अधिकारी हुकूम कसा द्यावा हे शिकतात. आमची पोरे महूला जातात ती दर १४ एप्रिलला जन्मभूमीच्या दर्शनाला. ती जातच राहावीत. पण त्यांच्यातली काही तरी पोरे खांद्यावर तारे लावून, कोर्सचा हुकूम खिशात घेऊन त्या छावणीत शिरली पाहिजेत. अर्ध्या शिडीवर थांबवलेल्या सुभेदारांचे कर्ज असेच फिटेल.

जय भीम! जय भारत!